जिभेखालची गोळी

उजव्या हाताचं एक बोट वर, तोंड घट्ट मिटलेलं आणि डोळे हसतायत. हा त्याचा सकाळचा नमस्कार.

रोह्याजवळच्या निडीहून सकाळच्या गाडीनं तो पेणला यायचा. कारखान्याच्या दाराशी चपला काढायचा, पायांवर पाणी घ्यायचा आणि कोपऱ्यातल्या आपल्या पोत्यावर मांडी घालून बसायचा. मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी जिभेखाली ठेवायचा आणि बोट वर करायचा. म्हणजे, दम धरा. गोळी आपोआप विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही, असं त्याच्या डॉक्टरबाईंनी बजावलेलं. मग आमदार येवो नाहीतर पोस्टमन, तो गप्प. गोळी संपली की पहिलं वाक्य ठरलेलं, "हां ताई, आता बोला. काय जळतंय?"

माझं काहीतरी जळतच असायचं. मला गप्प बसता येत नाही हे आमच्या अख्ख्या आळीला माहीत आहे. गणपतीच्या कारखान्याची मालकीण मऊ मऊ बोलत बसली, तर चतुर्थीपर्यंत निम्मे गणपती बिनहाताचे राहतील. तो म्हणायचा, "ताई, तुम्हीपण एक पेपरमिंटची गोळी ठेवत जा जिभेखाली. तेवढाच कारखान्याला आराम."

एकदा एक नवीन गिऱ्हाईक थेट त्याच्यापुढेच जाऊन उभं राहिलं. "मूर्ती कधी मिळेल हो?" यानं सवयीनं बोट वर केलं. "एका दिवसात? वा, वा!" म्हणत तो गृहस्थ खूश होऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन हजर. मूर्ती अजून ओली! मी याला किती बोलले असेन. तो हात जोडून बसलेला, तोंड मिटलेलं, आणि खांदे हसण्यानं गदगद हलतायत. गोळी संपल्यावर म्हणाला, "तोंड उघडलं असतं तर गोळी गेली असती. नाय उघडलं तर तुम्ही अडकलात. मी इचार केला, ताई अडकलेल्या परवडतील."

ती गोळी कसली, हे सांगायची मला आज लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची. पुढचं सगळं त्या लाजेपोटीच झालं.

तुम्ही पावसाळ्यात आमच्या पेणला आलात, तर पांढऱ्याफेक मूर्तींच्या रांगा पाहिल्या असतील. हात, सोंड, पितांबर, सगळं झालेलं असतं, पण मूर्ती आंधळी असते. डोळे शेवटी. त्याला आम्ही आखणी म्हणतो. रंग कोणीही शिकून देईल, आखणी कोणालाही देत नाहीत. आमच्या कारखान्यात आधी आबा, म्हणजे माझे वडील, आखणी करायचे. त्यांची नजर अधू झाल्यावर तो. डोळे आखायच्या आधी तो विचारायचा, "कुठं जाणार हा? घरात पोरंबाळं हायत का?" असली तर बुबुळ किंचित खाली घ्यायचा. "पोरगं खाली बसून आरती म्हणणार. त्याच्याकडं कोणी बघायला नको का?" डोळा पुरा झाला की ब्रश कानामागे खोचायचा आणि मूर्तीला विचारायचा, "दिसतंय ना?"

आणि एवढा हात असलेला माणूस मधली काही वर्षं नशेत बुडालेला होता. सुरुवात कुठं झाली म्हणाल, तर आमच्याच इथं. सीझनला तासन् तास वाकून बसायचं, कंबरा धरतात. तेव्हा मेडिकलमध्ये दुखण्याच्या कॅप्सुली सहज मिळायच्या. मी चहाच्या ट्रेमध्येच त्यांची पट्टी ठेवायची. ज्याची कंबर धरली त्यानं एक घ्यावी आणि कामाला लागावं. बाकीच्यांचं सीझनबरोबर संपलं. त्याचं संपलं नाही. कॅप्सुली पुरेनात, मग इंजेक्शनं, मग पनवेलकडून कोणीतरी आणून दिलेली पावडर. घरातली भांडी गेली, बायकोच्या कानातलं गेलं. आम्ही त्याला कामावरून काढलं आणि त्याच्या नावानं बोटं मोडली. चहाचा ट्रे कोणाला आठवला नाही. मलासुद्धा नाही.

त्याला वर काढलं त्याच्या बायकोनं आणि त्या डॉक्टरबाईंनी. दोनदा तो नुसता निर्धार करून सुटला होता आणि दोनदा परत पडला होता. तिसऱ्यांदा गोळी सुरू झाली. तिनं तलफ मरायची, अंग दुखायचं नाही, आणि डोकं स्वच्छ राहायचं. तो परत आमच्या दारात उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, "बघू." आबा आतून ओरडले, "बघू काय गो? ब्रश दे त्याच्या हातात!" त्यानं पहिलाच डोळा असा आखला की आबांनी उठून स्वतःचे ब्रश आणले आणि त्याच्यापुढे ठेवले.

त्यानंतरचे सगळे सीझन चांगले गेले. बायकोच्या कानात पुन्हा कुड्या आल्या. दर आठवड्याला तो दवाखान्यात जाऊन गोळ्या आणायचा. पण मी काय करायची? गिऱ्हाईक आलं आणि याचं बोट वर असलं, की म्हणायची, "दाताची गोळी आहे हो, दाढ दुखते त्याची." तो ऐकायचा आणि गोळी संपली की गाल धरून माझ्यापुढून जायचा. "ताई, दाढ लय ठणकते." हसायचा. मला वाटायचं, त्याला खरंच हसू येतंय.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगते. आबांच्या वडिलांनी घातलेली. पहिल्या मूर्तीची आखणी असते त्या दिवशी मूर्तीपुढे पाट मांडायचा, आणि आखणाऱ्यानं आपलं एखादं व्यसन त्या पाटावर ठेवायचं. विसर्जनापर्यंत त्याला शिवायचं नाही. स्वच्छ माणसानं देवाला डोळे द्यावेत, एवढाच त्यातला भाव. आबांनी एका साली विडीचं बंडल ठेवलं, ते कायमचं सुटलं. रंगकामाच्या बायका हौसेनं मिश्रीची डबी ठेवतात आणि दुसऱ्याच दिवशी मोरीत लपून लावतात. ते बाप्पा हसून सोडून देत असेल. तो दरवर्षी पाटावर चहाचा कप उपडा घालायचा. चहाबाज माणूस, त्याला तेही जड जायचं.

मागच्या वर्षी आमच्या एका जुन्या मंडळाचे सेक्रेटरी मोठ्या मूर्तीसाठी आले. याचं बोट वर. त्यांना कोणीतरी आधीच सांगितलेलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गर्दुल्ला आहे म्हणे तो. अजून गोळ्या खातो. आमच्या बाप्पाचे डोळे त्याच्या हातून?" मला त्यांना चार शब्द सुनावता आले असते. एरवी मी कोणाला सोडते? पण मी म्हटलं, "छे हो, यंदा सोडतोय तो. बाप्पासमोर सोडणार आहे."

बोलून गेले. मग ते खरं करणं आलं.

संध्याकाळी त्याला म्हटलं, "दादा, यंदा चहा नको. यंदा पाटावर ती गोळी ठेवा."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. "ती नशा नाय ताई, औषध हाय. ती हाय म्हणून मी बरा हाय."

"रोज लागते ना? मग नशाच ती. एक गेली, दुसरी आली."

"आबांना बीपीची गोळी रोज लागते. तीपण ठेवा पाटावर."

"आबा काय गर्दुल्ले होते?"

शब्द गेला तोंडातून. त्याच्या जिभेखाली त्या वेळी काही नव्हतं, तरी तो बोलला नाही. ब्रश धुतले, कोरडे केले, डब्यात ठेवले आणि गाडीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहिली आखणी. पाट मांडला, उदबत्ती लावली. तो आला, पाय धुतले, खिशातून पट्टी काढली. सगळे बघतायत. मला वाटलं, आता जिभेखाली ठेवतो. त्यानं ती पाटावर ठेवली, अख्खी, आणि मूर्तीला म्हणाला, "बघ बाबा. ही तुझ्याकडं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी. कोणीतरी फोटो काढला, मी तो सेक्रेटरींना पाठवला. आबांचे हात तेवढे मांडीवरच होते. "डॉक्टरला इचारलंस काय गो?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "चांगल्या कामाला डॉक्टर कशाला लागतो?"

पहिले दोनतीन दिवस काही झालं नाही. मी आबांना म्हटलं, "बघा! उगाच बाऊ." मग त्याला जांभया सुरू झाल्या, एकामागून एक. नाक वाहायला लागलं. पावसाळी उकाड्यातही दंडावर काटा उभा. आणि डोळ्यांतून पाणी. आखणी करताना डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसायचा, ब्रश डोळ्याच्या कोपऱ्याला टेकवायचा, आणि गालांवरून धारा.

आता आम्ही काय केलं, ते ऐका. आम्हाला ती भक्ती वाटली.

खरंच वाटली हो! गणपतीच्या गावची माणसं आम्ही. देवाला डोळे देताना माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, अंगावर काटा आला, तर आम्हाला दुसरं काय सुचणार? एक बाई मूर्ती बघायला आल्या होत्या, त्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो दचकून मागे सरकला. सेक्रेटरी येऊन हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "याला म्हणतात आखणी." माझा ऊर भरून आला. सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "ताई, हे भक्तीचं नाय. गोळी नाय म्हणून होतंय." मी म्हटलं, "असू दे, असू दे. स्वतःचं मोठेपण कोणी सांगत नसतं." किती गोड बोलले होते मी त्या दिवशी!

भातलावणीचे दिवस होते. एका दुपारी त्याची बायको आली, शेतातनं तशीच, पोटऱ्यांना चिखल. तो आत काम करत होता. तिनं मला दारातच गाठलं.

"ताई, झोपत नाय तो. हातपाय झाडतो, उलट्या काढतो. डॉक्टरबाईंकडं चल म्हणते, तर म्हणतो, पाटावर शब्द दिलाय. तुम्ही सोडवा त्याला. तुम्ही सांगितलंत तरच ऐकंल."

"सुटताना त्रास होतोच गो," मी म्हटलं. "कळ काढा जरा. इतके दिवस काढले, आता कच खायची? चतुर्थी होऊ दे, मग बघू."

"तवर तो ऱ्हायला पायजे ना, ताई."

"बाप्पाच्या दारात असं अभद्र बोलू नये."

तिनं मान वळवली. मग आत डोकावून पाटाकडे बघितलं. पट्टी तिथंच होती, वर जास्वंदीचं फूल. हात लांब केला असता तर पोहोचला असता. तिनं केला नाही. माझ्या कारखान्यात, माझ्यासमोर, देवापुढची वस्तू ती कशी उचलणार? उचलायची मीच होती. मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. बाहेर आले तर ती गेलेली.

त्याच आठवड्यात एका सकाळी तो आला नाही. गाडी येऊन गेली, पोतं रिकामं. मी चिडले. पहिली गोष्ट, मी चिडले. ऐन आखणीत दांडी! फोन लावला तर बायकोनं उचलला. ती रोह्याच्या दवाखान्यातून बोलत होती. निडी स्टेशनच्या बाकावर तो पडलेला सापडला होता, ओठ निळे, श्वास चालू आहे की नाही कळत नव्हतं. अंगाची आग सहन होईना म्हणून पावडर आणून देणाऱ्या जुन्या माणसाला गाठलं होतं आणि ती घेतली होती, पूर्वी घ्यायचा तेवढीच.

डॉक्टरबाईंना मी नंतर भेटले. त्यांनी शांतपणे समजावलं. गोळी होती तोवर ती त्याची राखण करत होती. ती अचानक काढून घेतली की तलफ जुनीच उसळते, पण अंगाची जुनी सवय मात्र गेलेली असते. पूर्वी पचत होतं तेवढंच आता जीव घेतं. वेळेवर उताऱ्याचं इंजेक्शन मिळालं म्हणून वाचला. वर म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला माहीत नव्हतं."

माहीत होतं. त्यानं सांगितलं होतं, त्याच्या बायकोनं दारात येऊन सांगितलं होतं, आबांनीही विचारलं होतं. मला फक्त ते खरं वाटून घ्यायचं नव्हतं.

राहिलेली आखणी आबांनी केली, भिंग लावून. मंडळाची मोठी मूर्ती त्यानं आधीच पुरी केली होती. लोकांना डोळे फार आवडले. काय जिवंत आहेत म्हणाले.

विसर्जन झाल्यावर पाट उचलला, तेव्हा सुकलेल्या फुलांखाली पट्टी सापडली. मी ती पर्समध्ये टाकली. टाकून देववेना आणि कुठं ठेवावी कळेना.

यंदा आखणीला दुसरा माणूस बसतो. चांगला आहे. सकाळी आल्याबरोबर बोलायला लागतो, तेवढा त्याचा मला त्रास होतो. पाट मी माळ्यावर टाकला. पण नवा माणूस बघायच्या आधी एकदा मी आमच्या दादाकडे जाऊन आले.

तो आता रोह्याजवळ वरसेला राहतो, बायकोही तिथंच कामाला जाते. नव्या इमारती झाल्यात, तिथल्या दारांवरच्या नावाच्या पाट्या रंगवतो. दुकान म्हणजे एक टपरीच. मी पोहोचले आणि त्यानं मान वर केली. तोंड मिटलेलं. बोट वर.

गोळी चालू होती! मला तिथंच रडू फुटलं. आणि मग त्यानं बोट वर केलेलं असताना मी बोलत सुटले. मंडळाचं, सेक्रेटरींना मारलेल्या थापेचं, त्याच्या बायकोला रिकाम्या हातानं परत जाऊ दिलं त्याचं, कॅप्सुलींच्या ट्रेचंसुद्धा. माफी मागितली, परत मागितली. त्याला उत्तर देता येत नव्हतं म्हणूनच मला एवढं बोलता आलं असेल. तो माझ्याकडे बघत होता. डोळे हसत नव्हते, पण हटलेही नाहीत.

गोळी संपली. मला वाटलं, आता म्हणेल, काय जळतंय. तो म्हणाला, "चहा सांगू?"

चहा आला. मी पर्समधली पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उचलली, डोळ्यांशी धरून मागची बाजू वाचली आणि हसला. "तारीख गेली हिची, ताई. आता कोणाच्या कामाची नाय." पट्टी परत माझ्या हातात दिली.

"रागावलात?" मी विचारलं.

"व्हय. खोटं कशाला बोलू? रोज नसतो राग. कधी कधी असतो." त्यानं ब्रश पुसून डब्यात ठेवला. "त्या दिवशी माझ्या मनात नव्हतं ठेवायचं. नुसती दाखवून खिशात घालणार होतो. पण ठेवल्याबरोबर तुम्ही टाळ्या वाजवल्यात. नशा केली तेव्हा शिव्या खाल्ल्या, ते बरोबरच. पण इतकी वर्षं गोळी घेऊन सरळ चाललो, तेव्हा कोणी टाळी नाय वाजवली, ताई. दाढ दुखते म्हणून सांगितलंत."

मला वाटत होतं, त्याला दाढेचं हसू यायचं.

"यंदा आखणीला याल?" विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी विचारलंच.

"नाय."

तो मला बसपर्यंत सोडायला आला. पेणची बस लागलेलीच होती. पायरीवर पाय ठेवला आणि मला राहवेना. मागे वळून म्हटलं, "दादा, मला एकदा तरी माफ केलं म्हणा."

त्यानं बोट वर केलं, कारखान्यात 'दम धरा' म्हणून करायचा तसंच. तोंड मिटलेलं. जिभेखाली काही नव्हतं, चहा माझ्यासमोरच तर प्यायला होता. मी खिडकीशी जाऊन बसले, बस सुटली, वळणावर मागे बघितलं, तरी त्याचं बोट वरच होतं.